शेवटच्या रुग्णाचे औषध

रोग जोरात असतो तेव्हा औषध पुरवणे त्या मानाने सोपे असते. तो संपत आला की अवघड होते. हे विधान उलटे वाटेल, पण कोलकात्यात राहून काला आजाराचा इतिहास वाचतांना मला ते अधिकाधिक पटत गेले.

याच शहरातील कॅम्पबेल रुग्णालयात, म्हणजे आजच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात, वीज व नळ नसलेल्या एका खोलीत डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1920 च्या सुमारास युरिया स्टिबामाइन तयार केले. असंख्य प्राण त्याने वाचवले. आज त्याच्या जागी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी आहे. 50 किलो वजनाच्या रुग्णाला 50 मिलिग्रॅमच्या 10 कुप्या एकदाच दिल्या की उपचार पूर्ण होतो. मात्र कुप्या 25 अंशांखालील तापमानात ठेवाव्या लागतात आणि आपल्या कार्यक्रमाची भिस्त प्रामुख्याने एका परदेशी कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दिलेल्या देणगीवर राहिली आहे.

1992 साली देशात सुमारे 77,000 रुग्ण नोंदले गेले. 2023 मध्ये 600 हून कमी. यश निर्विवाद आहे. पण हे थोडे रुग्ण चार राज्यांतील 54 जिल्ह्यांत कुठेही उद्भवू शकतात. आपली मागणीपत्रके सहसा मागील वर्षाच्या खपावर बेततात. जिथे गेल्या वर्षी रुग्ण नव्हता, तिथली मागणी शून्य. शिवाय मुदत संपलेल्या कुप्यांवर लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो. न मिळालेल्या औषधावर सहसा येत नाही. अधिकारी कोणीकडे झुकेल हे सांगायला नको.

याची किंमत एका रुग्णापुरती नसते. बरे झालेल्या काहींच्या त्वचेवर पुढे डाग उठतात. ही अवस्थाही ब्रह्मचारींनीच 1922 मध्ये वर्णिली. असा माणूस हिंडता-फिरता असतो, पण वाळूमाशीमार्फत त्याच्यापासून रोग पुन्हा पसरू शकतो.

महाराष्ट्रातील वाचकांना हे औषध दुसऱ्या नावाने आठवेल. मे 2021 मध्ये काळ्या बुरशीची साथ आली तेव्हा हेच औषध देशभर दुर्मिळ झाले आणि केंद्राला राज्यवार वाटप करावे लागले. आप्तांसाठी एकेका कुपीमागे धावलेले अनेक जण हे वाचत असतील.

माझ्या मते तीन गोष्टी करता येतील.

एक, देणगीव्यतिरिक्त सरकारने स्वखर्चाने राखीव साठा ठेवावा. अग्निशमन दलाचा बंब वर्षभर उभा राहिला म्हणून कोणी आक्षेप घेत नाही. हाच न्याय या साठ्याला लेखी नियमाने मिळावा.

दोन, हा साठा फिरता असावा. बुरशीच्या रुग्णाला हे औषध रोज, कित्येक दिवस लागते. म्हणून मुदत जवळ आलेल्या कुप्या कोलकात्याच्या मोठ्या रुग्णालयांत वापरून जिल्ह्यांना नव्या द्याव्यात.

तीन, देशी उत्पादकांशी किमान खरेदीची हमी देणारे बहुवार्षिक करार करावेत. मागणी आटली की बाजार निघून जातो, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो.

या साऱ्याचा खर्च विम्याच्या हप्त्याइतका आहे. निर्मूलनाचे प्रमाणपत्र मिळाल्यावरही तो भरत राहणे, हीच प्रशासनाची कसोटी ठरेल.