मामा, कळलं कसं?

आमच्या अण्णांच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कंपनीने मनगटी घड्याळ दिलं. सातपूरला एका कारखान्यात ते मेंटेनन्सला होते. मांडव, हार, गुलाबजाम, भाषण असं सगळं यथासांग झालं. पाहुण्यांनी आडनाव चुकीचं वाचलं, तरी अण्णा हसत हसत स्टेजवर गेले. ते घड्याळ अजून डबीसकट कपाटात आहे. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत.

सांगतात ती गोष्ट वेगळीच. रात्रपाळीला एक ग्राइंडिंग मशीन व्यवस्थित चालू होतं. अण्णांनी जाता जाता स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या वरच्या भागाला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि म्हणाले, "हे आठवडा काढायचं नाही." उघडून पाहिलं तर आतल्या कडीचे टवके उडालेले. तिथे नुकताच लागलेला एक इंजिनिअर होता, अण्णांच्या निम्म्या वयाचा. त्याने ना पाठ थोपटली, ना 'वा' म्हटलं. "मामा, कळलं कसं?" एवढंच विचारलं. मग स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि पाळी सुटेपर्यंत एकेका मशीनला कान लावत फिरला. आमच्या घरी चहाला आलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट किमान दोनदा ऐकली आहे.

घड्याळ होतं पंचवीस वर्षं हजेरी लावल्याबद्दल. त्या वर्षांत हा माणूस नेमकं करत काय होता, हे स्टेजवरच्या एकालाही सांगता आलं नसतं.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे गेलं की मला हे सगळं आठवतं, ते सरस्वतीबाईंमुळे. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत केल्यावर त्यांनी कारभार नाशकात आणला आणि १९४४ साली देह ठेवला तोही इथेच. त्यांच्या बायकोचं, म्हणजे सरस्वतीबाईंचं, नाव निघालं की पहिला उल्लेख दागिन्यांचा: नवऱ्याच्या सिनेमासाठी बाईंनी दागिने दिले. दिलेच. पण त्या काळी कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. लंडनहून आणलेल्या यंत्रावर, अंधारात, हाताच्या अंदाजाने ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंचं. एखादं भोक जरा सरकलं की पडद्यावर चित्र थरथरणार. शिवाय फिल्म धुण्याची रसायनं कालवायची, शूटिंगला उन्हात पांढरी चादर ताणून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक उरकायचा. (तारामती झालेले अण्णा साळुंके मूळचे हॉटेलातले, पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. त्यांचं निदान नाव तरी राहिलं.)

आज ज्याला आपण तंत्रज्ञ म्हणू, ती ही बाई. आपण मात्र तिला त्यागमूर्ती करून मोकळे झालो. त्याग म्हटलं की एक नमस्कार पुरतो. काम समजून घ्यायचं तर फिल्मला भोकं का लागतात इथपासून सुरुवात करावी लागते, तेवढा वेळ कुणाला आहे? फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. पहिला देविकाराणींना मिळाला, म्हणजे एका बाईलाच, हे त्यातल्या त्यात बरं.

माझ्या ऑफिसातही 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा फोटो लागतो. गेल्या महिन्यात ज्याचा लागला, त्याने मला जिन्यात गाठून विचारलं, "कशाबद्दल लावलाय, काही कळलं का तुम्हाला?" मला कळलं नव्हतं. मी मतही दिलं होतं त्याला.

परवा घरी पंखा कुरकुरायला लागला. अण्णा स्टुलापाशी खाली उभे, मी वर. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकतोय, पण तो स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून पाहावा असं कधी सुचलं नव्हतं. लावला. नुसती घरघर.

"काही कळत नाही, अण्णा."

"हात हलतोय तुझा," ते म्हणाले. "परत लाव."