सोशीक म्हणू नका तिला

आमच्यात म्हातारी मेली की तिची लगेच माऊली होते. सोशीक, त्यागी, कष्टाळू. शोकसभेत चार वक्ते हेच चार शब्द फिरवून वापरतात, बुद्धवंदना होते, चहा होतो, आणि बाई कायमची पुसली जाते. दोस्तहो, मला ह्या शब्दांची चीड आहे. सोशीक हा शब्द खोताचा आहे. खोताला सोशीक माणसं लागायची. आपल्या म्हाताऱ्या सोशीक असत्या तर आपण आज पेपर काढत बसलो नसतो, कुणाच्या तरी दारात वेठ करत असतो.

माझी आजी महाड तालुक्यातली, सावित्रीच्या खाडीकाठची. तेव्हाचा कुलाबा जिल्हा. रायगड हे नाव 1981 सालचं. 1927 साली ती नुकती लग्न होऊन आलेली पोर होती. ते साल तुम्हाला पाठ आहे. 20 मार्चला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. मग परत आलेल्या माणसांवर मांडवात लाठ्या चालल्या, अन्न मातीत कालवलं गेलं, आणि धर्ममार्तंडांनी 108 घागरी ओतून, शेणमूत्र मिसळून तळं 'शुद्ध' केलं. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. हे सगळं आपण दरसाल बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण एक गोष्ट बोलत नाही.

महाडच्या परिषदेत मेलेल्या ढोराचं मांस सोडायचं, उष्टं-शिळं मागायचं नाही, असं ठरलं. हात वर करणारे बहुतेक पुरुष. टाळ्या वाजल्या. ठीक. पण त्या दिवसानंतर गावात काय झालं? बलुतं आटलं, खोतानं काम बंद केलं, दुकानदारानं उधारी बंद केली. श्रावणात घरातलं धान्य संपतं तेव्हा पोरांच्या पोटात काय घालायचं, ह्याचा ठराव कुणी मांडला होता? तो प्रश्न बायांनी सोडवला. कुणी खाडीच्या चिखलात मांडीभर उतरून चिंबोऱ्या धरल्या, कुणी गवताचे भारे महाडच्या बाजारात नेले, कुणी नाचणीची आंबील पाण्यानं वाढवत नेली. ठराव मांडवात पास झाला, त्याची अंमलबजावणी चुलीवर झाली. एकेका चुलीवर एकेक बाई डळमळली असती, तर तो ठराव कागदावरच वाळला असता.

ह्याला तुम्ही सोसणं म्हणता? ह्याला लढणं म्हणतात.

त्याच डिसेंबरात महाडलाच बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. गुडघ्यापर्यंतचं लुगडं सोडा, हातभर कथलाचे-चांदीचे दागिने टाका, पोरींना शाळेत घाला. आज तुम्हाला वाटेल, लुगड्याचं काय एवढं? अरे, ते लुगडं म्हणजे जातीची पाटी होती. लांबून दिसलं पाहिजे, कोण चाललीय. आजीनं घोट्यापर्यंत लुगडं नेसलं तेव्हा वाडीतल्या बाया हसल्या आणि वरच्या आळीतले गुरकावले. तिनं परत वर खोचलं ते फक्त लावणीच्या चिखलात. पुढं एकदा खोताचा गडी मेलेलं ढोर ओढायला माणूस मागायला आला. घरात पुरुष कुणी नव्हता. आजी दारातून म्हणाली, "ढोर तुमचं, मढं बी तुमचंच. न्या नायतर पुजा." ही सोशीक माऊली!

लढाई दारापाशी संपत नव्हती. आजोबा चळवळीतले, निळी टोपी घालून फिरणारे. आत्या चौथी पास झाली आणि पुढं शिकायला महाडला जायचं म्हटल्यावर तेच नको म्हणाले. पोरीची जात, लोक काय म्हणतील. आजीनं दोन दिवस चूल पेटवली नाही. "पोरगी शाळंत जाईल तवाच इस्तव पेटंल." तिसऱ्या दिवशी आत्या शाळेत गेली. 1994 साली आजी गेली तेव्हा शोकसभेत एक पुढारी म्हणाले, ती नवऱ्याच्या पाठीशी खंबीर उभी राहिली. पाठीशी? ती समोर उभी होती!

हे फक्त आमच्या घरचं नाही. अलिबागकडच्या चरीचा शेतकरी संप 1933 ते 1939 चालला. नारायण नागू पाटलांचं नाव राहिलं, राहावंच. बाबासाहेबांनी 1937 साली असेंब्लीत खोतीविरुद्ध बिल मांडलं, खोती कायद्यानं गेली 1949 साली. पण संपाच्या त्या सहा वर्षांत घरोघर हंडी शिजत कुणी ठेवली, त्यांची नावं कुठायत? रमाईचंही आपण तेच केलं. दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहणाऱ्या बापाची पोर, साहेब विलायतेत असताना मुंबईत शेणी थापून घर चालवणारी बाई. आपण तिला 'त्यागमूर्ती' केलं आणि हार घातला. मूर्तीला प्रश्न विचारता येत नाहीत, मूर्ती काही मागतही नाही. म्हणून मूर्ती सोयीची.

मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार गावोगाव फिरून चळवळीतल्या बायांना भेटल्या, तेव्हा 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. महाडनंतर बासष्ट वर्षांनी! तेही बायांनीच केलं. पुरुष काय भाषणं लिहीत होते?

काही कार्यकर्ते म्हणतील, घरातलं भांडण चळवळीत आणू नका, फूट पडेल, आधी जातीचं बघू. हे वाक्य ओळखीचं नाही वाटत? आधी स्वराज्य, मग तुमचं, असं आपल्याला सांगत होते ते हेच. बाबासाहेबांनी 'आधी-मग' मानलं नाही. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून 1951 साली मंत्रिपदावर लाथ मारली, आणि राजीनाम्याच्या कारणांत ते कारण लिहून ठेवलं. तुमची मीटिंग रात्री बारापर्यंत चालते आणि आई आत चौथ्यांदा चहा टाकते, तेव्हा तुम्ही कुठला आंबेडकरवाद बोलत असता?

तेव्हा पोरांनो, पोरींनो, कविता नंतर लिहा. आधी एक वही घ्या. घरातल्या, वाडीतल्या प्रत्येक म्हातारीजवळ बसा. तिचं नाव लिहा, अमक्याची आई असं नको, तिचं स्वतःचं. माहेरचं गाव लिहा. कुणाच्या शेतात राबली, किती मजुरी मिळाली, देव कधी खाडीत सोडले, कुणाला पहिल्यांदा 'नाय' म्हणाली, ते लिहा. ती नवऱ्याला, सासऱ्याला, तुमच्या बापाला काय म्हणाली, तेही गाळू नका. आणि लिहून घेताना चहा तुम्ही करा.

येत्या 20 मार्चला महाडला जाल तेव्हा बॅनरवर पुढाऱ्यांच्या फोटोंच्या खाली थोडी जागा ठेवा. तिथं तुमच्या वहीतली नावं लिहा. विशेषण एकही नको. नाव, गाव आणि तिनं काय केलं ते. बस्स.