बाळ वाढतं तोवर घर कशावर चालायचं?

निमगाव केतकीच्या पानमळ्यात किंवा डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईला सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, की पुढचा रस्ता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून १०८ ने इंदापूर किंवा बारामती आणि बाळ बाराशे-चौदाशे ग्रॅमचं, धापा टाकणारं असलं तर पुणे. तिथून पुढे आपलं लक्ष बाळाच्या श्वासावर, साखरेवर, तापमानावर असतं. कक्षाबाहेर प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन उभ्या असलेल्या बापाला तीन-चार आठवडे इथं काढायचे आहेत, हे सांगायला मात्र पुष्कळदा कुणी नसतं.

उपचारासाठी पैसा नाही, असं आज सरसकट म्हणता येणार नाही. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताची औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांचं असून ते सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे. अडतं ते पहिल्या दोन दिवसांत. बाळाचं नाव रेशनकार्डात नसतं आणि म्हणून योजना लागू होणार नाही, अशी घरच्यांची समजूत होते. खरं तर जन्माचा दाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो यांवर काम भागतं. हे कळेपर्यंत घाईघाईत गाठलेल्या, योजनेत नसलेल्या रुग्णालयात अनामत भरलेली असते आणि गळ्यातलं मोडलेलं असतं. बाळ पुढे पाठवताना अंगीकृत रुग्णालयाला फोन करून खाट आहे का हे विचारणं आणि रेशनकार्ड सोबत द्यायला सांगणं, हे रेफर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचंच काम आहे, असं आम्ही मानतो. धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी अडवू नये, हा नियमही मार्च २०२५ मध्ये पुण्यात गर्भवतीकडे अनामत मागितल्यावरून गाजलेल्या घटनेनंतर पुन्हा बजावून सांगावा लागला.

पण कुटुंब मोडतं ते निव्वळ बिलानं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींप्रमाणे कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे किमान आठ तास आईच्या उघड्या छातीशी ठेवायचं आहे. वाटीत पिळलेलं दूध दोन-दोन तासांनी लागतं, तेही तिचंच. म्हणजे आई तिथेच हवी, हा आपला वैद्यकीय आदेश आहे. तो पाळताना तिची मजुरी बुडते, बहुतेक वेळा नवऱ्याचीही बुडते. खाणावळ, खोली आणि घरी ठेवलेल्या थोरल्या मुलाची व्यवस्था यांचा खर्च वेगळाच. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागातले सातशे रुपये यात कुठे पुरणार? मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला पाच हजार मिळतात, पण दुसरा हप्ता जन्मनोंद आणि लसीकरणाचा पहिला टप्पा झाल्यावर, म्हणजे बाळ साडेतीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर उसनवारी होऊन गेलेली असते.

ऊसतोडीच्या हंगामात हे आणखी बिकट होतं. बिजवडी, भवानीनगर, शहाजीनगरच्या कारखान्यांसाठी बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या कोयत्यावर घेतलेली. बाई बाळाजवळ बसली की कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. चार दिवसांत ‘आमचं आम्ही बघू’ म्हणून बाळ घेऊन जाणाऱ्या अशा आईबापांना आपण केसपेपरवर ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ लिहून मोकळे होतो. त्यांना अडाणी म्हणणं तर फारच अन्यायाचं आहे.

कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलं, की आईला बुडीत मजुरी मिळते. आजारी मुलाजवळ आईनं थांबणं ही मजुरी गमावण्याची गोष्ट आहे, हे शासनानं तिथं मान्य केलेलं आहे. तेच तत्त्व नवजात अतिदक्षता कक्षातल्या आईला लागू करावं, दर आठवड्याला तिच्या खात्यात रक्कम जमा व्हावी, बाळ घरी गेल्यावर नव्हे. आणि दर निदान रोजगार हमीच्या मजुरीइतका असावा. ही मागणी बालरोगतज्ज्ञांच्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संघटनांनी लेखी, केसपेपरवरच्या नोंदींच्या आधारानं करायला हवी. त्यासाठी ‘सल्ल्याविरुद्ध’ या शेऱ्यापुढे कारणही लिहायला लागूया: मजुरी, उचल, खोलीभाडं, जे असेल ते.

आणि घरी गेल्यानंतरचं. दोन किलोच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्यांआधीच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा चौथ्या आठवड्यापर्यंत तपासलाच पाहिजे. त्याहून लहानग्यांचा आणखी लवकर. फुले योजनेत घरी परतण्याचं एसटीचं भाडं एकदाच मिळतं, तपासणीला पुन्हा येण्याचं मिळत नाही. मजुराच्या घरात तारीख चुकते ती इथंच. त्याची तरतूद होईल तेव्हा होईल. तोवर डिस्चार्ज देतानाच तपासणीची तारीख गावच्या आशाताईंना आणि तालुक्यातल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला फोनवर कळवावी, आणि त्या दिवशी पथकाच्या गाडीतून आई-बाळाला नेता येईल का, हे तेव्हाच विचारून घ्यावं.