बॅट मात्र दिली नाही

फेब्रुवारी १९०६. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, साहेबांच्या १९१ आणि १०२. विजयात मोठा वाटा पालवणकर बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीचा. दोन डावांत मिळून आठ बळी. हे आकडे आजही अभिमानाने सांगितले जातात. मला मात्र त्याआधीची एक साधी गोष्ट सोडवत नाही.

पुण्याच्या साहेबी जिमखान्यावर बाळू चार रुपये महिन्याने कामाला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेब सरावाला आले की त्यांना गोलंदाजी टाकायची. जे. जी. ग्रेग हा तेव्हाचा नामांकित फलंदाज. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि आपल्याला बाद केले की दर वेळी बाळूंना आठ आणे द्यायचा, असे सांगतात. बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितले की, तिथे शेकडो तास गोलंदाजी केली, पण फलंदाजी एकदाही करू दिली नाही.

एकदाही नाही. एखाद्या संध्याकाळी, सगळे आटोपल्यावर, चार चेंडूंपुरतीसुद्धा नाही.

आपल्याकडे धान कापून झाले की लाखनी-साकोलीच्या बांध्यांत पोरांचे क्रिकेट सुरू होते. बॅट एकाच कोणाची तरी असते. पण ज्याने गोलंदाजी केली त्याला डाव द्यावाच लागतो. नाही दिला तर भांडण होते आणि ते भांडण न्यायाचे असते. बांधीतल्या दहा वर्षांच्या पोराला कळणारा हा नियम पुण्याच्या जिमखान्याला कळत नव्हता, असे कसे म्हणावे? कळत होता. पण त्यांच्या लेखी गोलंदाजी हे मोलाचे काम होते आणि फलंदाजी हा मान. कामाचे पैसे ते चुकते करत होते. मानाचा प्रश्नच त्यांच्या मनात येत नव्हता.

साहेब परके होते म्हणून सोडून द्यावे, तर आपल्यांनी काय केले? चांभाराच्या घरात जन्मलेल्या बाळूंच्या हातचा चेंडू संघाला चालला. पण खेळ थांबला की त्यांचा चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. अमेरिकेत त्याच १९०६ साली बेसबॉलची जागतिक मालिका शिकागोच्या दोन संघांत झाली. व्यावसायिक खेळाच्या त्या वरच्या वर्तुळात काळ्या माणसाला दारच बंद होते, ते १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने उघडले. आपण दार उघडे ठेवले, माणसाला मैदानात घेतले, त्याच्याकडून बळी मिळवले आणि त्याला पायरीशी थांबवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. ते घरात आले १९२३ साली, धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे. तोवर बाळूंचा खेळ संपला होता.

१९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत विधिमंडळाची उमेदवारी दिली, ती थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध. तरुणपणी बाबासाहेबांना ज्या खेळाडूचा अभिमान होता, तोच त्यांच्यासमोर उभा केला गेला. बाळू सुमारे दोन हजार मतांनी पडले. ही उमेदवारी मानाची होती, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. अस्पृश्यांच्या पुढाऱ्याला बाद करायला अस्पृश्यांच्याच लाडक्या गोलंदाजाच्या हाती पुन्हा चेंडू दिला होता.

आणि आपण भंडारेकरांनी याकडे दुरून पाहू नये. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब इथून उभे होते. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना हरवले, आणि ती मते आपल्या जिल्ह्याची होती. बाळू तेव्हा हयात होते. पुढच्या वर्षी जुलैत ते गेले.