मान कोणाची, निर्णय कोणाचा?

लंगर गप म्हणजे काय, ते फौजेबाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगतो. जवानांच्या स्वयंपाकघराला आमच्याकडे लंगर म्हणतात. तिथे ताट हातात घेऊन रांगेत उभं असताना जी बातमी कळते ती लंगर गप. पलटण कुठे हलणार, सीओ साहेबांची पोस्टिंग कधी येणार, कुणाची रजा कापली जाणार, हे सगळं लेखी हुकूम निघण्याआधी लंगरात ठरलेलं असतं. बऱ्याच वेळा ते चुकीचं निघतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. एका बाबतीत मात्र बिघडतं. माणूस हॉस्पिटलात पडलेला असतो आणि त्याच्याबद्दल गप सुरू होते, तेव्हा.

याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं उदाहरण फौजेतलं नाही, हॉकीतलं आहे. तेही आपल्या मैदानावरच्या हॉकीतलं नाही, बर्फावरच्या हॉकीतलं.

हा खेळ मला लेहच्या पोस्टिंगने दिला. हिवाळ्यात करझूचं तळं गोठलं की तिथे सामने होतात. लडाख स्काउट्सचे जवान आणि स्थानिक पोरं असं काही खेळतात की उणे तापमानात दोन तास उभं राहिल्याचं भान राहत नाही. शिवाजी पार्क आणि आझाद मैदानाच्या गप्पांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला तो वेग नवा होता. खाली उतरल्यावरही नाद सुटला नाही. वेळ मिळेल तसा मी एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक लीग, पाहत आणि वाचत राहिलो. जॅक आयकेल हे नाव तिथेच भेटलं.

आयकेल 2015 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पहिला होता कॉनर मॅकडेव्हिड. बफेलो सेबर्स या संघाने आयकेलला घेतलं, 8 वर्षांसाठी 8 कोटी डॉलरचा करार दिला आणि 2018 मध्ये कप्तान केलं. बफेलो हे न्यूयॉर्क राज्याच्या टोकावरचं, थंडीचं आणि हॉकीवेडं शहर. तिथला संघ 2011 नंतर प्लेऑफपर्यंत पोहोचला नव्हता. हा पोरगा आपल्याला बाहेर काढणार, अशी सगळ्या शहराची आशा होती.

7 मार्च 2021 ला न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्धच्या सामन्यात त्याला धडक बसली आणि मानेतली चकती सरकली. मोसम संपला. बफेलोचा तो मोसम असाही भीषण होता, लागोपाठ 18 सामने त्यांना जिंकता आले नाहीत. मग उपचारांवरून वाद सुरू झाला. क्लबच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, आधी विश्रांती आणि व्यायाम. त्याने भागलं नाही तर फ्यूजन, म्हणजे खराब चकती काढून वरखालचे दोन मणके एकमेकांना कायमचे जोडायचे. खेळाडूंवर ही शस्त्रक्रिया आधी झालेली होती, तिचे परिणाम माहीत होते. आयकेलला चकतीच्या जागी कृत्रिम चकती बसवून घ्यायची होती. त्याचं गणित सरळ होतं. मणके जोडले की तिथली हालचाल संपते, भार शेजारच्या मणक्यांवर जातो आणि पुढे त्यांचंही ऑपरेशन करावं लागू शकतं. तो तेव्हा 24 वर्षांचा होता. खेळ सुटल्यावरही ती मान त्याला चाळीस-पन्नास वर्षं वापरायची होती. अशी चकती अमेरिकेत साध्या रुग्णांच्या मानेत 2007 पासून बसवली जात होती, पण एनएचएलच्या खेळाडूवर हा प्रयोग झालेला नव्हता.

मग निर्णय कुणाचा? लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या त्या वेळच्या करारानुसार खेळाडूला दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येत होतं, पण शेवटचा शब्द क्लबचा. क्लबने नाही म्हटलं. आणि गाडी तिथेच अडकली.

गाडी अडकली तशी गप सुटली. तो संपूर्ण उन्हाळा आयकेल कुठे जाणार याची चर्चा चालू होती. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, ॲनाहाइम, मिनेसोटा, कॅल्गरी, व्हेगास, जवळजवळ रोज एक नवं शहर. त्याच्या बदल्यात काय मिळावं? दोन तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्क की त्याहून जास्त? मान दुखावलेली आहे म्हणून किती सूट द्यायची? पुढच्या उन्हाळ्यात त्याला बदली नाकारण्याचा हक्क मिळणार होता, म्हणजे बफेलोने त्याआधी विकायला हवा होता. लीगमध्ये संघाच्या पगारांवर कमाल मर्यादा असते. ती तेव्हा 8 कोटी 15 लाख डॉलर होती आणि एकटा आयकेल त्यातले एक कोटी घेत होता. म्हणून पगाराचा हिशेब वेगळा. मीही हे सगळं वाचत होतो आणि खोटं कशाला बोलू, चवीने वाचत होतो. मनातल्या मनात मीही दोन-तीन सौदे जमवून टाकले होते.

सप्टेंबरमध्ये तो वैद्यकीय चाचणीत नापास झाला आणि क्लबने त्याचं कप्तानपद काढून घेतलं. 4 नोव्हेंबर 2021 ला अखेर सौदा झाला. व्हेगास गोल्डन नाइट्सने आयकेलला घेतलं. बदल्यात ॲलेक्स टक, पेटन क्रेब्स आणि ड्राफ्टमधले हक्क दिले. गंमत पाहा, हा टक त्या वेळी खांद्याची शस्त्रक्रिया करून बसलेला होता. म्हणजे एक जखमी देऊन दुसरा जखमी घेतला गेला. आठच दिवसांनी, 12 नोव्हेंबरला, आयकेलच्या मानेत कृत्रिम चकती बसली. 16 फेब्रुवारी 2022 ला तो बर्फावर उतरला.

आता हा क्रम पुन्हा वाचा. मार्चमध्ये दुखापत, नोव्हेंबरमध्ये विक्री, विक्रीनंतर आठ दिवसांत ऑपरेशन. या माणसाला स्वतःला हवा तो उपचार मिळण्यासाठी आधी विकलं जावं लागलं. नवा मालक शोधताना प्रश्न नुसता किमतीचा नव्हता, कोणता मालक कोणतं ऑपरेशन करू देईल हाही होता. ज्या चर्चेला आम्ही करमणूक समजत होतो, त्या चर्चेतच त्याची मान अडकलेली होती.

इथे क्लबची बाजू मांडायला हवी, कारण मी स्वतः संस्थेचा माणूस आहे. एवढा पैसा गुंतलेला, शस्त्रक्रिया खेळाडूंवर न अजमावलेली, आणि खेळ असा की ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने माणसं एकमेकांवर आदळतात. उद्या चकती जागची हलली तर? जबाबदार डॉक्टरने सावध राहू नये तर काय करावं? शिवाय नियम क्लबने गुपचूप लिहिलेला नव्हता. खेळाडूंच्या संघटनेने त्यावर सही केलेली होती. करार मोडला कुणीच नाही. तरीही माझं मत असं की नियम चुकीचा होता.

माझ्या अंगावर वर्दी आली ती खडकवासल्याला, अठराव्या वर्षी. तेव्हापासून कुठे राहायचं, काय घालायचं, केस किती ठेवायचे, हे दुसऱ्याने ठरवलं आणि मी आनंदाने मानलं. मी धडधाकट आहे का हेही फौजच ठरवते. मेडिकल बोर्ड बसतं, शेप-1 मधला एक आकडा बदलतं आणि माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो. त्याला अमुक उंचीवर पाठवू नका, अमुक वजन उचलायला लावू नका, असं कागदावर येतं. त्याचा परिणाम प्रमोशनवर होतो, पोस्टिंगवर होतो. वाईट वाटतं, पण हा फौजेचा हक्क आहे. कारण मी चढाईत मागे पडलो तर किंमत माझ्या शेजारचा मोजतो.

पण माझ्या शरीरावर सुरी चालवायची झाली तर डॉक्टर कागद माझ्यासमोर ठेवतो. त्या कागदावर सीओची सही नसते, माझी असते. माझ्या आयुष्यातलं इतकं काही सरकारला देऊन झाल्यावरही ती एक सही माझ्याकडे उरलेली आहे. मी मैदानात उतरायला लायक आहे का, हे संस्थेने ठरवावं. माझ्या मानेत काय बसवायचं, हे मी ठरवणार. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या 2021 च्या वादात दोन्ही एकाच मुठीत होत्या आणि ती मूठ क्लबची होती. क्लबने म्हणायला हवं होतं, तुझं ऑपरेशन तू ठरव, त्यानंतर तू खेळण्याजोगा आहेस का हे आमचा डॉक्टर ठरवेल. एवढ्यावर भागलं असतं.

काही मित्र म्हणतात, अरे पण शेवटी आयकेलच बरोबर ठरला की. जून 2023 मध्ये व्हेगासने स्टॅनले कप जिंकला आणि त्या प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त, 26 गुण आयकेलचे होते. टायलर जॉन्सनने तर त्याच्या मागोमाग डिसेंबर 2021 मध्येच तशी शस्त्रक्रिया करून घेतली. सगळं खरं. पण मी या मुद्द्यावर टेकणार नाही. कप मिळाला म्हणून त्याचा हक्क सिद्ध होत नाही. चकती निकामी झाली असती, तो पुन्हा कधीच खेळला नसता, तरी मान त्याचीच होती. निकालावरून हक्क मोजायला लागलो तर हरणाऱ्याला कधी हक्कच उरणार नाही.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने का लिहितोय, ते आता सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी कंपनी कमांडर असताना माझ्या कंपनीतला सातारा जिल्ह्यातला एक हवालदार पाठीच्या दुखण्याने हॉस्पिटलात होता. कामाचा माणूस. कोर्सला जायचं त्याचं नाव लागलेलं, आणि तो नाही म्हटल्यावर कोण, याची लंगरात चर्चा सुरू झाली. मी ती थांबवली नाही. उलट मी सीनियर जेसीओ साहेबांना विचारलं, त्याच्या जागी कोण बरा? प्रश्न कामाचा होता, विचारणं भाग होतं. पण त्याला भेटायला गेलो तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारावा? "काय रे, कधी येतोस?" कसा आहेस, हे नंतर.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, माझ्या जागी दुसरा ठरला म्हणतात. खरं का?"

मी म्हटलं, "तसं काही नाही. तू बरा हो."

त्याने माझ्या उत्तरापेक्षा माझ्या पहिल्या प्रश्नावर विश्वास ठेवला. डॉक्टरांना सांगायला लागला की आता दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, पाय व्यवस्थित उचलतो. डॉक्टर तरी काय करणार, रुग्णाने सांगितलं ते त्यांनी धरलं. तो लवकर परत आला, सलाम ठोकला, मी खूश झालो. तीन महिन्यांत एका सकाळी पीटीनंतर त्याला डावा पाय उचलता येईना. मग ऑपरेशन, मग मोठी रजा, मग खालची कॅटेगरी. तो कोर्स त्याने कधीच केला नाही. मला त्याने कधी बोल लावला नाही. सणावाराला अजून फोन करतो. तो फोन आला की मला माझा तो पहिला प्रश्न आठवतो.

गप ऐकून दुखणं वाढत नाही हे मला कळतं. पण गप ऐकून माणूस दुखणं लपवतो. नको त्या उपचाराला हो म्हणतो किंवा हव्या त्या उपचारासाठी भांडायचं सोडून देतो. आयकेल भांडू शकला, कारण त्याच्याकडे पैसा होता, एजंट होते, घ्यायला उत्सुक असलेले दुसरे संघ होते. माझ्या हवालदाराकडे यातलं काही नव्हतं. एनएचएलमधल्या बहुतेक साध्या खेळाडूंकडेही आयकेलएवढं बळ नसतं.

सौदे बंद करा, चर्चा बंद करा असं मी म्हणत नाही. रिकामी जागा भरावीच लागते, संघालाही आणि पलटणीलाही. मार्च 2022 मध्ये आयकेल बफेलोला खेळायला गेला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याची मनसोक्त हुर्यो उडवली, तीही मी समजू शकतो. प्रेम होतं म्हणून राग होता. पण माणूस खाटेवर असताना त्याचा भाव करायचा नाही, निदान त्याच्या कानावर जाईल असा तरी नाही, एवढं पथ्य पाळता येईल.

मी एक सवय लावून घेतली आहे. हॉस्पिटलात आपल्या माणसाला भेटायला गेलो की "कधी येतोस" हा प्रश्न विचारत नाही. डॉक्टर काय म्हणतात ते विचारतो, मग त्याला स्वतःला काय वाटतं ते विचारतो, आणि उत्तर संपेपर्यंत बसतो. कधी येणार ते बोर्ड सांगेलच.