पोषण आहाराच्या पाकिटासाठी चेहरा का द्यायचा?



वारणानगरला तंत्रज्ञान नवे नाही. १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून वारणा खोऱ्यातील ७० गावांत संगणक आले. उसाचे वजन, तोडीची पाळी, बिलाचा हिशेब गावातच कळू लागला. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याने त्या संगणकात काय पाहायचे होते? तेव्हा ऊसवाला मशीनमध्ये आपला हिशेब पाहत होता. आता मशीन गरीब बाईचा चेहरा पाहते आहे.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीच्या घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची केली. आधी आधारची केवायसी, मग सेविकेच्या मोबाइलसमोर चेहरा. 'पोषण ट्रॅकर'मध्ये तो जुळला तरच पाकीट. नेटवर्क गेले किंवा ओटीपी कामावर गेलेल्या नवऱ्याच्या मोबाइलवर गेला, की बाई अडकली. तिचे बोलणे खाते ती सेविका, जिच्या हातात काहीच नाही.

हा आहार कुणाची मेहेरबानी नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो गरोदर बाई, स्तनदा माता आणि बालकांचा हक्क आहे. खाजगीपणाही हक्कच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने तसे सांगितले. मग एक हक्क घेण्यासाठी दुसरा का सोडायचा?

"संमती घेतो," असे उत्तर येते. पोटात भूक असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हेच बजावले आहे: कोणतीही सवलत मिळवण्यासाठी माणसाला आपले घटनात्मक हक्क सोडायला लावता कामा नये. इथे तर सवलत नाही, हक्कच आहे.

दुसरे उत्तर चोरी थांबवण्याचे. चोरी थांबलीच पाहिजे. पण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील याच आहाराची टेंडर प्रक्रिया रद्द केली, ती कुणा आईच्या चेहऱ्यामुळे नव्हे. टेंडरच्या अटी महिला बचत गटांना बाहेर ठेवून मोठ्या पुरवठादारांच्या सोयीच्या होत्या. कॅमेरा मात्र लागला आईवर. पाकिटातल्या आहाराचा दर्जा तो तपासत नाही.

आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. नजर नेहमी खालच्याच माणसावर का, हा आमचा सवाल आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, कामाला लागा. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात विचारा: चेहरा न जुळल्याने किती जणींचा आहार अडला? फोटो कुठे, किती दिवस, कोणत्या कायद्याने ठेवला जातो? ग्रामसभेत ठराव घ्या की चेहरा जुळो न जुळो, रजिस्टरवर सही घेऊन आहार द्यावा. आहार नाकारला तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. सेविकांना शत्रू समजू नका, त्यांना सोबत घ्या.

जयभीम! जय संविधान!