एकट्याचे ताट

बालीगंजात एकटा राहणारा आमचा मराठी नोकरदार फ्रीजमधला गोठलेला पराठा तव्यावर टाकतो, उभ्याउभ्याच खातो, आणि चार मंडळी जमली की घरच्या जेवणाच्या आठवणींनी व्याकूळ होतो. गेला पावसाळा मीही असाच काढला. म्हणून बोलण्याचा अधिकार घेतो.

दोष पाकिटाचा नव्हे. उणे १८ अंशांवर अन्न टिकते, त्यात पाप कसले? पण गरियाहाटचा बाजार हाकेवर असता आपल्या हाती भाजीची पिशवी का नसते? कारण ‘घरचे जेवण’ म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी कष्ट, असेच आपण मानत आलो. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना खानावळवाल्या बायांनी वर्षानुवर्षे जेवू घातले. त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहण्यास मात्र १९७५ साल उजाडावे लागले!

“एकट्यासाठी कोण रांधणार?” हा वैराग्याचा उद्गार नव्हे, ती वाढणारीची वाट पाहणे आहे. टिपणी बिनचूक लिहिणाऱ्याला वरणाला फोडणी देता येऊ नये, ही भूषणाची गोष्ट खचित नव्हे. मुगाची खिचडी अर्ध्या तासात होते. बदलीच्या सामानात पुस्तके बांधतो, तसे डाळ-तांदळाचे डबेही बांधावेत.